कणगीची शिडी

येकोच्या अंगणात कणगी होती, कणगीत नाचणी होती, आणि तरीही लग्नानंतर कित्येक वर्षं तिला रिकामी टोपली घेऊन सासूची वाट बघत बसावं लागलं. न कापलेल्या, म्हणजे वयात येताना सुंता न झालेल्या, बाईने कणगीची शिडी चढायची नाही, ही एल्गॉन डोंगराच्या उतारावरच्या सबिनी लोकांची रीत. सासू चेरोतिच मनात येईल तेव्हा यायची आणि वाटेत साऱ्या वस्तीला ऐकू जाईल असं म्हणायची, "थांबा गं बायांनो, आमच्या घरी एक मोठी पोर आहे, तिला दाणे काढून द्यायचेत."

शेवटी दोन लेकरांची आई झालेली येको आपल्या पायांनी चालत सुरीखाली गेली. शिडी मिळाली. पुढच्या बाळंतपणात जुन्या जखमेने वाट अडवली, बाळ गेलं आणि येको मरता मरता वाचली. त्या बाळाचं नावसुद्धा ठेवलं नव्हतं.

आता थोरली लेक प्रॉस्कोविया वयात आली होती. कायद्याने सुरी बंद केली होती आणि चर्चच्या मंडळींनी सुरीऐवजी नवा सोहळा आणला होता. मागच्या खेपेला मुलींना टी-शर्ट मिळाले, प्रमाणपत्रं मिळाली, फोटो निघाले. मांडव उतरला आणि दुसऱ्या दिवशी त्याच मुली टोपली घेऊन कणगीखाली ताटकळत उभ्या! त्यातल्या दोघी पुढे गुपचूप सीमेपलीकडे जाऊन कापून आल्या. "टी-शर्टाला कोण शिडी चढू देतं?" येको तेव्हाच म्हणाली होती, आणि तेव्हाच तिने काय ते ठरवलं होतं.

यंदा प्रॉस्कोवियाच्या सोहळ्याच्या दारूसाठी नाचणी काढायची वेळ आली, तशी ती सासूला म्हणाली, "आई, या वेळी दाणे प्रॉस्को काढेल."

"कोण, ती? कणगीत किडे पडतील."

"पडले तर निवडू."

"तुला हक्क आहे ना? मग तू चढ."

"मी नाही चढायची."

चेरोतिचला वाटलं, सुनेचा राग दुपारपर्यंत उतरेल. तो उतरला नाही. म्हातारीचे गुडघे कामातून गेलेले, म्हणून तिने शेजारणींना हाक मारली. पण त्यांच्याही मुली त्याच सोहळ्यात होत्या. येकोचं ऐकून त्यांनीही दाणे काढायचं सोडून आपापल्या टोपल्या पालथ्या घातल्या होत्या. येकोचा नवरा मांगुशो उगाच शिडीशी घुटमळला, तेव्हा एक शेजारीण म्हणाली, "चढ की रे. उद्यापासून दळायलाही बस." तो गुरांकडे निघून गेला.

मग म्हातारे अस्वस्थ झाले. ते दारूची चूळ मुलींच्या अंगावर फवारतात तेव्हा कुठे आशीर्वाद लागतो, आणि उरलेला रांजण त्यांचाच असतो. दाणे नाहीत तर दारू नाही. दीर-सासरे सगळे कणगीपाशी जमले.

त्यांच्यातला सर्वांत वडीलधारा म्हणाला, "चेरोतिच, दाणे कुणी का काढेना, आंबले की सगळे सारखेच."

"तुम्हाला काय, रांजणातली नळी तोंडात धरली की झालं. रीत आम्ही सांभाळायची," चेरोतिच म्हणाली.

"सांभाळली की," येको म्हणाली. "मी सांभाळली, आई. माझं बाळ गेलं त्यात. तुम्हीच पुरलंत त्याला, केळीच्या मागे. आता पोर नाही देणार. ती शिडी चढेल, नाहीतर ही कणगी आहे तशी सडू दे."

चेरोतिच बराच वेळ केळीच्या बागेकडे बघत राहिली.

"चपला काढ," ती अखेर नातीला म्हणाली. "तिसरी पायरी सैल आहे. जपून."

प्रॉस्कोविया चढली. गवताचं टोपण सरकवून ती कमरेपर्यंत आत वाकली आणि खालून फक्त तिचे तळवे दिसत राहिले. येकोने शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

पोर टोपली भरून बाहेर आली. केसांना कोंडा लागलेला, चेहरा गोंधळलेला.

"आई," ती म्हणाली, "आत तर नुसती नाचणीच आहे."

येको शिडीखाली मटकन बसली आणि सगळ्यांच्या देखत रडली, इतक्या वर्षांनी, त्या बिननावाच्या बाळासाठी. वरून येणारी टोपली धरायला आता शिडीशी कुणी उरलं नव्हतं. ती चेरोतिचने पुढे होऊन धरली, रिकामी केली आणि दुखऱ्या गुडघ्यांवर उंच होत पुन्हा नातीच्या हातात दिली.