दारावरची बहीजा

"अंबाडा सोडा, बाई," बहीजा म्हणाली.

"काय सोडू?"

"अंबाडा. केसांचा."

"पार्लरमध्ये दोन पोरींनी मिळून घातलाय हा! वेड लागलंय का?"

"झकास घातलाय. पण वाजतोय."

रांगेतल्या बायका खो-खो हसल्या, कारण अंबाडा खरोखरच थरथरत होता. नवऱ्या मुलाची ही मावशी, गळ्यापासून पोटापर्यंत सोन्याने मढलेली. तिने आधी इकडेतिकडे बघितलं, मग मुकाट्याने मान खाली घातली. बहीजाने पिना काढल्या, फोन उपसून कापडी पिशवीत टाकला, पिशवीचा बिल्ला मावशीच्या हातावर ठेवला आणि केस पुन्हा वर बांधून दिले. अंबाडा पहिल्यापेक्षा बरा दिसायला लागला.

"नवऱ्याचाच फोन असणार," मावशी पुटपुटली. "जेवण कधी वाढणार म्हणून विचारत असेल. पुरुषांच्या हॉलमध्ये बसून दुसरं काम काय त्याला!"

सौदीतल्या जिद्दामध्ये लग्न करायचं तर हॉल ठरवायचा, जेवण ठरवायचं, गाणाऱ्या बायका ठरवायच्या आणि दारावर बहीजा आहे ना, हे विचारायचं. आत गेल्यावर बायका अंगावरच्या काळ्या पायघोळ अबाया काढणार, केस मोकळे सोडणार, घरच्या पुरुषांनीही कधी बघितले नसतील असले झगे घालून मनसोक्त नाचणार. त्यातलं काहीही दाराबाहेर जाता कामा नये. अठरा वर्षं बहीजाने ते जाऊ दिलं नव्हतं. तिने बाळाच्या लंगोटातून फोन काढले होते, खजुराच्या डब्यातून काढले होते, एकदा तर एका आजीच्या गुडघ्याच्या पट्ट्यातून काढला होता. आजीने वर तिलाच शिव्या घातल्या होत्या.

पूर्वी सोपं होतं. बायका लग्नापुरता एक बटणांचा साधा फोन बाळगायच्या. सगळे त्याला 'अबू कश्शाफ' म्हणायचे, म्हणजे बॅटरीवाले बाबा. बोलणं आणि उजेड पाडणं, एवढंच त्या बिचाऱ्याला यायचं. आता घड्याळाला डोळा, चष्म्याला डोळा, उद्या अंगठीलाही येईल. मागच्या महिन्यात बहीजाने संशय आला म्हणून एका बाईचा चष्मा काढून घेतला, तर ती सरळ खांबावर जाऊन आपटली. चष्मा साधाच निघाला. तेव्हापासून चष्मेवाली बाई दारात आली की बहीजाचा जीव खालीवर व्हायचा.

"तहानी, जरा दार सांभाळ," ती जोडीदारणीला म्हणाली. "नवरीच्या खोलीत एक चक्कर टाकून येते."

तहानी तिच्याच हाताखाली शिकलेली, तिशीची. तिने नुसता हात हलवला.

नवरीच्या खोलीत मेकअपवाली रहफ नव्हती, कॉफी प्यायला गेली होती. विज्दान एकटीच दिव्यांच्या आरशासमोर बसली होती. पांढरा झगा सगळ्या खोलीभर पसरला होता आणि झग्याच्या घडीत फोन होता. दार वाजल्याबरोबर तिने तो लपवायला बघितलं. लपवायची सवय नसलेल्या माणसाने लपवावा तसा.

"दे," बहीजाने हात पुढे केला.

"खाला, ओरडू नका ना."

"ओरडतंय कोण? दे इकडे."

"आईला दाखवायचंय फक्त."

"आई बाहेर पाहुण्यांना अत्तर लावतेय. बोलावून आणते की."

"ती आत्या. उम्म तलाल माझी आत्या आहे." विज्दानने डोळे वर केले. काजळ ओघळू नये म्हणून असेल. "आई इजिप्तमध्ये, पोर्ट सईदला असते. बाबांनी तिला सोडलं तेव्हा मी दुसरीत होते. आमच्या घरात तिचं नाव काढायचं नाही. लग्नाला तर बोलवायचंच नाही."

"मग नंतर फोटो पाठव तिला."

"कुठले फोटो? फोटोवालीकडून आत्या सगळे घेऊन कपाटात ठेवणार. किल्ली तिच्याकडे. उद्यापासून मी सासरी. खाला, तिने मला शेवटचं बघितलं तेव्हा माझे पुढचे दात पडलेले होते हो!"

बहीजाने दाराला आतून कडी घातली आणि पाठ लावून उभी राहिली.

"फोटो काढायचा नाही. तिलाही सांग. नुसतं बघायचं, बोलायचं आणि फोन माझ्याकडे."

फोनच्या पडद्यावर पोर्ट सईदची बाई आली ती रडतच. "माझ्या जिवा, उभी राहा, वळ, अजून वळ, अगं बारीक किती झालीस, खायला घालतात की नाही ते लोक!" मग तिने तोंडापाशी हात नेऊन लग्नातली लांबलचक किलकारी सुरू केली आणि विज्दानने घाबरून आवाज बंद करून टाकला. त्या बाईला ते कळलंच नाही. तिचं तोंड पडद्यावर कितीतरी वेळ नुसतं हलत राहिलं.

बहीजाला भरून आलं. आपण नियम मोडतोय असं तिच्या मनातही आलं नाही. कॅमेरा आत न्यायचा नाही, हा नियम. आईने लेकीला बघायचं नाही, असा नियम तिला कुणी सांगितला नव्हता.

लग्न छान झालं. फोन पिशव्यांतून निघून ज्याच्या त्याच्या हातात गेले.

तिसऱ्या दिवशी सकाळी तहानी धापा टाकत जिना चढून बहीजाच्या घरी आली. तिने फोन पुढे धरला. आरसा, आरशाभोवतीचे दिवे आणि मधोमध विज्दान, हसताना, उघड्या खांद्यांनी. खाली अनोळखी लोकांच्या ओळी. नजर न लागो. कुणाची मुलगी आहे? अजून फोटो आहेत का? त्याखालचं बहीजाने वाचलं नाही.

"आपल्या हॉलचा आरसा आहे," तहानी म्हणाली. "खाला, कोण गं असेल ही नालायक?"

बहीजाने पाणी प्यायला पेला उचलला आणि न पिताच ठेवला.

ती दिवसभर घरात टिकू शकली नाही. पाव आणायला गेली, तर दुकानदार फोनकडे बघून गालात हसत होता. त्याचा फोन हिसकावून घ्यावा असं तिला वाटलं. सिग्नलला गाडीत बसलेला पोरगा, औषधांच्या दुकानातला म्हातारा, जो तो मान खाली घालून काहीतरी बघतोय, आणि प्रत्येक जण त्या पोरीलाच बघतोय असं तिला वाटत राहिलं. आजवर एका दाराशी उभं राहिलं की काम भागायचं. आता ह्यांतल्या कुणाकुणाच्या दाराशी उभी राहणार होती ती? पाव दुकानातच विसरून ती परत आली.

संध्याकाळी विज्दानचा फोन आला. ती कुजबुजत बोलत होती.

"खाला, आईनेच केलं. बोलताबोलता पडद्यावरूनच फोटो उचलला आणि स्टेटसला ठेवला. शेजारणींना लेक दाखवायची होती तिला. मी ओरडल्यावर लगेच काढला, पण तोवर कुणीतरी घेऊन पुढे पाठवला."

"सासरी काय म्हणतात?"

"सासूबाई बोलत नाहीयेत. नवरा, मोतसिम, म्हणतो, तुझी चूक नाही, पण ज्याने हे केलं त्याला सोडायचा नाही. आत्या मेकअपवालीला धरून बसलीये, पोलिसात देते म्हणते. पोलिसांनी शोधलं तर आईपर्यंत येतील. मग मला तिच्याशी कधीच बोलू देणार नाहीत. कधीच. काय करू मी?"

"तू काही करू नकोस. मी बघते."

काय बघणार होती, तिलाही ठाऊक नव्हतं. पोर्ट सईदच्या त्या बाईचा तिला राग आला, सपाटून आला. सांगितलं होतं ना, फोटो काढायचा नाही म्हणून! पण मग ते नुसतं हलणारं तोंड डोळ्यांसमोर आलं, आणि तिला धड रागावताही येईना.

दुसऱ्या दिवशी दुपारी हॉलच्या कचेरीत सगळ्या जमल्या. टेबलामागे हॉलची मॅनेजर अबीर, हातात टॅब, नखं रंगवलेली. समोर उम्म तलाल, पर्स मांडीवर घट्ट धरून. आणि भिंतीपाशी रहफ उभी. सीरियातल्या होम्सहून आलेली पोर, रडून रडून नाक लाल झालेलं.

"खोलीत हिच्याशिवाय होतं कोण?" उम्म तलाल म्हणाली. "हिनेच काढला. गिऱ्हाइकं मिळवायला दाखवतात ह्या असले फोटो."

"मी नाही हो काढला, आईशप्पथ! पोलिसात गेलात तर माझा इथे राहायचा परवाना जाईल."

"मग जाऊ दे!"

"तिने नाही काढला," बहीजा म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. "तिचा फोन माझ्याकडे पिशवीत होता. रंगांची पेटीसुद्धा मी तळापर्यंत उपसली होती."

"मग कुणी काढला?"

"एक फोन माझ्याकडून सुटला."

उम्म तलालला आधी समजलंच नाही. "तुझ्याकडून? कुणाचा?"

"कुणाचा ते दिसलं असतं, तर सुटला असता का?"

"बहीजा, माझ्या तिन्ही भाच्यांची लग्नं तुझ्या दारातून झाली. तुझ्याकडून कसा सुटेल?"

"वय झालं, उम्म तलाल. तहानीला मी आत धाडलं होतं. गुडघे धरले होते. खुर्चीवर टेकले जराशी, डोळा लागला. तेवढ्यात दोनचार जणी तशाच आत गेल्या."

दारावर असताना बहीजा आजवर कधी बसली नव्हती. तहानी कितीदा खुर्ची आणून ठेवायची आणि तिच्यावर पिशव्या रचल्या जायच्या. चोर म्हणवून घेतलं असतं तर सोपं गेलं असतं, इतकं ते वाक्य तिला जड गेलं.

उम्म तलालने पर्स मांडीवरून उचलली. "आता पोलिसात जाऊन सांगू काय? म्हातारी झोपली होती म्हणून? लोक मलाच हसतील." तिने पर्सचा पट्टा खांद्यावर ओढला. "जा गं पोरी," ती रहफला म्हणाली, तिच्याकडे न बघता.

अबीर आवाज चढवणारी नव्हती. तिने टॅब सगळ्यांकडे वळवला. "मी वर्षभर हेच सांगतेय. खालांचा दोष नाही. माणूस म्हटलं की सुटणारच. हे बघा, छतात बसतात. कुणी फोन वर केला, नाहीतर तसला चष्मा घालून आली, की इथे लगेच लाल खूण."

बहीजाने मान वर करून छताकडे बघितलं. "बायकांच्या हॉलमध्ये कॅमेरे लावणार?"

"माणूस नाही बघत, खाला. यंत्र बघतं. काही साठवत नाही."

"साठवत नाही, हे कुणी बघितलंय?"

"कंपनी तसं लिहून देते."

"उम्म तलाल, तुम्ही सांगा हिला! तुमच्या भाच्या, तुमच्या सुना, सगळ्या नाचतात तिथे."

"आमची लग्नं दुसऱ्या हॉलमध्ये नेईन म्हणून मीच अडवून धरलं होतं इतके दिवस," उम्म तलाल थकून म्हणाली. "म्हटलं, दारावर बहीजा असताना हवीत कशाला ती थेरं? आता काय तोंडाने नको म्हणू, सांग ना. सांग."

बहीजाने तोंड उघडलं. एका वाक्याचंच काम होतं. मी झोपले नव्हते. माझ्या दारातून आजवर काही सुटलेलं नाही. मग पुढचं आपोआप आलं असतं: फोन कुणाचा, पलीकडे कोण होतं. छत तसंच राहिलं असतं, दार तिचं राहिलं असतं आणि ती पोर आयुष्यभर चोरून रडत बसली असती. तिने अबीरच्या टॅबकडे बघितलं, उम्म तलालच्या वाट बघणाऱ्या चेहऱ्याकडे बघितलं.

"माझा हिशेब तेवढा करून टाका," ती म्हणाली. तिने खिशातली हॉलची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

हिवाळ्यात बहीजाच्या शेजारणीच्या मुलीचं लग्न त्याच हॉलमध्ये निघालं. जाऊ नये असं वाटत होतं, पण शेजारीण दोनदा घरी येऊन गेली होती. दारावर तहानी होती आणि तिच्या हाताखाली कुणी नवीन मुलगी. रांगेतल्या दोघीतिघींनी बहीजाला ओळखलं. तीच गं ती, झोपलेली, असं मागून ऐकू आलं. तहानीचे कान तांबडे झाले.

"तू जा गं खाला सरळ. तुझं काय तपासायचं?"

"का? बाकीच्यांचं तपासतेस ना?" बहीजाने हात पसरले. "चल, रांग खोळंबलीये."

विज्दानने मध्ये एकदा कळवलं होतं, दर शुक्रवारी आईशी बोलते म्हणून. तेवढंच. त्या फोनचा विषय दोघींनी पुन्हा काढला नाही.

आत ढोल जोरात होते. सगळा हॉल केसांनी, रंगांनी, सोन्याने भरून गेला होता. मधोमध सात-आठ जणी केस उडवत नाचत होत्या, टाळ्यांचा नुसता कडकडाट चालला होता. छतात झुंबरांच्या मधे मधे एक एक काळी काच बसवली होती. वर कुणीच बघत नव्हतं.

बहीजा भिंतीकडेची खुर्ची धरून बसली. शेजारीण घामाघूम होऊन हसत तिच्याकडे आली आणि तिच्या खांद्यावरची अबाया ओढायला लागली.

"अगं काढ ना ही! किती उकडतंय! इथे आपण बायकाच तर आहोत सगळ्या."

"हो ना," बहीजा म्हणाली. "असू दे."

गळ्याजवळचं बटण सुटलं होतं, ते तिने हाताने चाचपून लावलं.