तिच्या हातची गाडी

तिरका बसलेला सात... गाडीच्या सांगाड्याच्या नळीवर ठोकलेल्या क्रमांकातला तेवढा एकच आकडा किंचित कललेला, आणि तपासनिसाचं बोट नेमकं त्याच्यावरच थांबलेलं. हातोडी अनुराधानेच मारली होती — शेडमध्ये, घाम डोळ्यांत उतरत असताना — आणि आता सौदीतल्या दम्मामच्या या वाहन तपासणी केंद्रात, पांढऱ्या गाड्यांच्या रांगेत तिची बुटकी, बिनछपराची हिरवी गाडी उभी होती.

सांगाडा नि पत्रा परदेशातून खोक्यांत सुटा आलेला. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग मात्र घरच्याच जुन्या सेडानचं. त्या सेडानमध्ये ती वर्षानुवर्षं नवऱ्याच्या उजवीकडे बसली होती, बायकांना गाडी चालवायची परवानगी नव्हती तेव्हा... हॉस्पिटलात व्हेंटिलेटर उघडून दुरुस्त करणारी मी, आणि बाहेर पडलं की मांडीवर पर्स घेऊन नुसती बसणारी. इंजिनाचा आवाज बदलला की तिला आधी कळायचं. ती नवऱ्याला, विजयकुमारला, सांगायची, तो गॅरेजवाल्याला सांगायचा, आणि गॅरेजवाला मान डोलवायचा — त्याच्याकडे बघून.

नियम बदलला, ती चालवायला शिकली. सेडान थकली तेव्हा ती विकायची नाही म्हणाली; तिच्याच इंजिनावर नवी गाडी स्वतः जुळवायची ठरवली. पन्नाशीत हे कशाला, असं विजयकुमार एकदाच म्हणाला, मग गप्पच राहिला. ते गप्प राहणं तिने विरोध म्हणून जपलं होतं. काम अडलं की त्याच्यावरच चिडून ती पुन्हा पाना उचलायची.

तल्हा नावाचा तो पेशावरी तपासनीस इंजिनाचा क्रमांक जुन्या कागदांशी ताडून उठला. ब्रेक, दिवे ठीक आहेत, पण घरी जुळवलेली गाडी नोंदवायची की नाही ते साहेब ठरवतील, नाही म्हणाले तर ती रस्त्यावर आणता येणार नाही, असं त्याने सांगितलं — तिच्या शेजारी उभ्या विजयकुमारला. आणि विचारलंही त्यालाच, "भाईसाहब, बनाई किसने?"

उत्तर तिच्या ओठांवर होतं, कधीचं धार लावून ठेवलेलं. पण विजयकुमार आधी बोलला.

"इन्होंने. पूरी. मैंने तो बस टॉर्च पकडी."

तल्हा वळला. वेल्डिंग कुठे केलं, तडे कसे तपासले — आता तो तिला विचारत होता, आणि ती सांगत होती, मान ताठ, आवाज हॉस्पिटलातल्यासारखा स्थिर. हो, मी केलं. हेही मीच.

कागद आत गेले. दोघं बाहेरच्या बाकावर बसली. छातीत काहीतरी भरून आलेलं, मावत नव्हतं... तिने शेजारी पाहिलं. विजयकुमार हिरव्या गाडीकडे बघत होता. तन्वीला मेडिकलला प्रवेश मिळाला त्या दिवशी लेकीकडे बघत होता, तसाच. टॉर्चचा उजेड तिला आठवत होता, प्रत्येक बोल्टवर पडलेला — धरणारा हात मात्र कितीही आठवला तरी दिसेना. मग त्या गप्प राहण्यात होतं तरी काय, इतके दिवस? विचारावंसं वाटलं, आणि विचारू नये असंही. सकाळपर्यंत हा अभिमान तिच्या एकटीचा होता; आता त्यात आणखी कोणी येऊन बसलं होतं, आणि राग येत नव्हता याचंच तिला नवल वाटत होतं. आतून अजून कोणी हाक मारली नव्हती. नकळत ती बाकावर थोडी सरकली, जागा करून द्यावी तशी.