कामाच्या कपड्यांत

सरकारी कार्यालयात जायचं म्हटलं की आमच्या सक्करदऱ्यातली माणसं पेटीतले कपडे काढतात. निराधार योजनेच्या पैशासाठी अर्ज करायचा आणि अंगावर भाचीच्या लग्नात मिळालेली जरीची साडी. बाबा यावर फार चिडत. “साहेबाले निराधार नाही, वरमाय दिसते,” असं म्हणून ते त्या बाईला घरी परत पाठवत आणि कामावरच्या कपड्यांत यायला सांगत. निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या व्हरांड्यात एक टेबल टाकलं होतं. तिथे ते लोकांचे अर्ज लिहून देत, गरज पडली तर त्यांच्यासोबत कार्यालयात जात, वाद घालत आणि बहुतेक वेळा जिंकून येत.

पौषात बाबा गेले. मी पुण्याहून रजा घेऊन आले होते, ती वाढवत गेले, कारण लोक येतच होते. “मनोहरराव नाही तर त्यायची पोरगी तर हाय,” असं म्हणून ते खुर्ची ओढून बसत आणि मला नाही म्हणता येत नसे. आई मात्र आतल्या खोलीतून बाहेर येत नव्हती. दहाव्याला नात्यातल्या बायकांनी तिचं कुंकू पुसलं, बांगड्या उतरवल्या. त्यानंतर ती घरातल्या घरातसुद्धा पावलांचा आवाज न करता चालू लागली होती.

भागीरथाबाईंचं काम माझ्याकडे आलं ते ऐन लग्नसराईत. त्या बांगडीवाल्या. इतवारीच्या बाजारातून ठोक भावानं माल आणायचा आणि घरोघरी जाऊन बांगड्या भरायच्या. नवरीचा हिरवा चुडा भरायला तर त्यांना लांबलांबून बोलावणं येई. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, तरी त्यांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू असे आणि दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या. मोकळ्या हाताच्या बाईकडून बांगड्या कोण भरून घेणार? गल्लीतल्या जुन्या लोकांना सगळं ठाऊक होतं. गिऱ्हाइकांना नव्हतं, आणि त्या कुणाला सांगत नव्हत्या.

यंदा विधवा लाभार्थींची पडताळणी करायला एक माणूस गल्लीत आला. भागीरथाबाई नेमक्या कामाला निघाल्या होत्या. त्यानं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं आणि काही न विचारता शेरा मारला की या बाईनं दुसरं लग्न केलेलं दिसतं. निराधार योजनेतून त्यांना दरमहा मिळणारे पैसे थांबले. लग्नसराई संपली की बांगड्यांचा धंदा बसतो आणि खोलीचं भाडं त्या पैशावरच निघे. सुनावणीची तारीख मिळाली. त्या दिवशी दोन शेजाऱ्यांच्या साक्षीनिशी म्हणणं पटवता आलं नाही, तर त्यांचं नाव कायमचं वगळलं जाणार होतं.

सुनावणीच्या सकाळी एक बाई फाटकातून आत आली आणि मी तिला ओळखलंच नाही. कोरी पांढरी साडी, मोकळं कपाळ, मोकळे हात.

“ताई, अशी चालन ना?” ती म्हणाली, तेव्हा आवाजावरून कळलं की या भागीरथाबाई.

मला सुटल्यासारखं वाटलं. असं रूप पाहून त्यांच्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. मी मान हलवणार, इतक्यात मागून आवाज आला.

“हे कोणी सांगितलं वं तुले?”

आई दारात उभी होती.

“साऱ्यायनंच सांगतलं, पुष्पाताई. एक दिवसाचा तर सवाल हाय.”

“तो माणूस कोणाले पाहून गेला? बांगडीवालीले. अन् आज म्याडमसमोर कोण उभी राहीन? दुसरीच बाई. त्या म्हणतीन, तवा सोंग केलं का आता करून राहिली? जा. कुंकू लाव, बांगड्या घाल, मालाची पिशवी घेऊन ये. हे असते तर त्यायनं तुले फाटकातूनच वापस पाठवलं असतं.”

भागीरथाबाई हलल्या नाहीत. “पण मंग बांगड्या काहून घालतो ते साऱ्यायसमोर सांगा लागन. परवा तिकडच्या गल्लीतल्या कामिनीच्या पोरीचा, मिनलचा, चुडा भराचा हाय. इकडून तिकडून तिच्या कानावर गेलं तर? एका घरानं नाही म्हटलं की दहा घरं नाही म्हणते.”

आई त्यांच्या मोकळ्या हातांकडे पाहत म्हणाली, “हळूच सांगू. साक्षीले कोण हाय?”

“देवकी हाय. गोपाळराव येणार होते, पण ते काल पारशिवनीले गेले. पुतण्याचं लग्न.”

“मंग मी येतो,” आई म्हणाली आणि चपला शोधू लागली.

त्या चपला पौषापासून कुणी हलवल्या नव्हत्या. मी त्या पुसून पुढे ठेवल्या. मला कारण नसताना हसू येत होतं.

ई-रिक्षात आम्ही चौघी बसलो. देवकी भागीरथाबाईंच्या शेजारी राहणारी, जिभेची तिखट. ऊन असं होतं की रिक्षाच्या दांड्याला हात लावता येत नव्हता. भागीरथाबाई आता पुन्हा भागीरथाबाई झाल्या होत्या. मांडीवरची पिशवी खड्ड्याखड्ड्याला किणकिणत होती.

“सांभाळ वं,” देवकी म्हणाली. “निकाल लागाच्या आधी मालच फुटून जाईन.”

“तू आपलं तोंड सांभाळ. तिथं जाऊन जास्तीचं बोलू नोको.”

“मी? मी तर गाय हाय.”

आई हसली. मी रस्त्याकडे पाहू लागले.

कार्यालयाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. मोठ्या खिडकीत एक जुना कूलर घरघरत होता आणि त्याच्या आवाजात शेजारच्याचंही ऐकू येत नव्हतं. हळूच सांगायचा आमचा बेत तिथेच बारगळला. त्यात देवकीनं माझा दंड दाबला. पलीकडच्या रांगेत, उत्पन्नाच्या दाखल्यासाठी, कामिनी उभी होती. सोबत तिची लेक मिनल, लग्नाला उभी असलेली.

नेमका तेव्हाच भागीरथाबाईंच्या नावाचा पुकारा झाला.

टेबलामागच्या अधिकारी मॅडम तरुण होत्या. त्यांनी शेरा वाचला, मग कुंकवाकडे पाहिलं. “तुमचे पती कुठे आहेत?”

भागीरथाबाई काहीतरी पुटपुटल्या.

“मोठ्यानं बोला, कूलर आहे.”

भागीरथाबाईंनी कामिनीच्या रांगेकडे एकदा पाहिलं. मग आईकडे. आईनं काही खुणावलं नाही, फक्त त्यांच्या जवळ सरकली.

“मेला, म्याडम!” त्या एवढ्या जोरात ओरडल्या की कूलरही मागे पडला. “मोप वर्षं झाले! अन् दुसरा केला नाही!”

सगळ्या रांगांनी माना वळवल्या.

“मग हे कुंकू, या बांगड्या?”

“बांगड्या विकतो ना मी. हलवाईच आपला पेढा खात नसन, तर लोकं काहून घेतीन?”

कुणीतरी हसलं. मॅडम हसल्या नाहीत. “दुसरं लग्न केलं नाही, हे कोण सांगणार?”

“मी सांगतो,” आई म्हणाली. “पंचवीस घरांची गल्ली हाय आमची. केलं असतं तर आम्हाले जेवाले बोलावलं असतं. एवढी कंजूस नाही हाय हे.”

“अन् बोलावलं नसतं तरी आम्ही गेलो असतो,” देवकी म्हणाली.

आता मात्र मॅडमच्या ओठांचा कोपरा हलला. त्यांनी आईचं नाव लिहून घेतलं आणि आडनावापाशी थांबल्या. “मनोहररावांच्या घरच्या का? या टेबलाशी फार भांडायचे ते. आज आले नाहीत?”

मी उत्तर देणार होते, पण आई पुढे झाली.

“ते पौषात गेले. म्हणून मी आलो.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मग पेन उचलून दोघींचे जबाब लिहिले, सह्या घेतल्या आणि शेऱ्यावर तिरपी रेघ ओढली. थांबलेले पैसे पुढच्या महिन्यापासून मागच्या बाकीसकट सुरू होतील, असं त्यांनी भागीरथाबाईंना दोनदा समजावून सांगितलं.

देवकीनं मलाच मिठी मारली. आम्ही हसत, एकमेकींना ढकलत व्हरांड्यात आलो आणि थबकलो. कामिनी वाट अडवून उभी होती.

“काहून वं भागीरथा? तू विधवा, अन् परवा माह्या पोरीचा चुडा भरणार होती?”

भागीरथाबाईंनी पिशवी छातीशी धरली. मिळालेला आनंद त्यांच्या चेहऱ्यावरून उतरताना मला दिसत होता.

“कामिनी,” आई म्हणाली, “तुह्या लग्नात चुडा कोणी भरला होता?”

“आमच्या गावच्या कासारणीनं. भरल्या कुंकवाची बाई होती.”

“अन् तुहा नवरा आता कुठी हाय?”

कामिनीचा नवरा दुसरीबरोबर भंडाऱ्याला राहतो, हे साऱ्या सक्करदऱ्याला माहीत होतं.

“त्या कासारणीले एकदा विचारून ये,” देवकी म्हणाली.

मला वाटलं, आता भांडण पेटणार. कामिनीनं देवकीकडे जळजळीत पाहिलं, मग एकदम फिसकन हसली आणि पदरानं डोळे पुसले. “मरो तो,” ती म्हणाली. पण वाट सोडली नाही.

तेव्हा आई व्हरांड्यातल्या बाकावर बसली आणि तिनं डावा हात पुढे केला.

“भर.”

“इथी?” भागीरथाबाई म्हणाल्या. “पुष्पाताई, लोकं पाहून राहिले.”

“पाहू दे.”

भागीरथाबाई जमिनीवर बसल्या. त्यांनी आईचा हात हातात घेऊन अंगठा तळव्याकडे दाबला, हाताची चारी बोटं जुळवली. “हात उतरला तुमचा,” त्या हळूच म्हणाल्या आणि पिशवीत नेहमीपेक्षा लहान मापाच्या बांगड्या शोधू लागल्या. “रंग कोणता?”

“तुह्या हातात हाय तोच.”

शिपाई धावत आला. “ओ बाई! हे ऑफिस हाय, इतवारी नाही!”

“झालं गा, झालं,” देवकीनं त्याला अडवलं. “तुह्या बायकोचं माप सांग, तिलेबी देऊन टाकू.”

एकेक बांगडी चढत होती. आई दुखलं तरी हूं की चूं करत नव्हती. मिनल कामिनीच्या मागून पुढे आली आणि वाकून बघू लागली. शेवटची बांगडी मनगटावर आली, तेव्हा आईनं हात जरासा हलवून पाहिला. आईच्या हातचा तो आवाज मी पौषानंतर पहिल्यांदा ऐकला.

“आई, मले अशाच पाहिजे,” मिनल म्हणाली.

कामिनीनं लेकीकडे पाहिलं, मग आईच्या हाताकडे.

“परवा सकाळी लवकर ये,” ती भागीरथाबाईंना म्हणाली. “पाहुणे याच्या आत भरून झाल्या पाहिजे. अन् माप नीट घेजो, पोट्टीचा हात नाजूक हाय.”