दिल्लीला पाठवायची पहिली मागणी

अयूब घड्याळवाला माझ्या आळीसाठी पाणी मागत होता आणि मला ते बघवत नव्हतं. त्याच्या घरी अंगणातच विहीर, बारा महिने पाणी. तहान माझ्या आळीला, आणि मागणी त्याची. आळीनं मला निवडून दिलं होतं, त्याला नाही.

सत्तावन्न सालच्या चैत्रातली गोष्ट. नागभीडच्या पुढं रेल्वेच्या लहान लाइनीवर आमचं गाव. गावाला म्युनिसिपालटी आणि तिचे नऊ मेंबर. मी कोष्टी आळीचा मेंबर. मागावर कोसा विणणारा माणूस, चौथीनंतर शाळा सुटली, पुढचं सगळं रद्दीच्या कागदांवरून शिकलो. म्युनिसिपालटीत अर्ज लिहायचा तर सगळे माझ्याकडं बघत. अयूब निवडून आला आणि ते बघणं बंद झालं. त्याला इंग्रजी येत होतं. कुठून शिकला, तर घड्याळांच्या कागदांवरून. म्हणजे माझ्यासारखाच, फक्त माझ्याहून पुढं. शाळेत शिकलेला असता तर मी एवढा जळलो नसतो.

नव्या खासदारांचं पत्र आलं. लिहिलं होतं, दिल्लीला कागदांचे गठ्ठे नेऊन काही होत नाही. गावानं एक मागणी पहिली ठरवावी. तिच्यासाठी मी स्वतः मंत्र्यांना भेटेन. बाकीच्या मागं जोडाव्यात.

अध्यक्ष भैयाजी. मालगुजारी, म्हणजे गावची जमीनदारी, सरकारनं काढून घेतली होती, पण भैयाजींची बसण्याची ऐट काही गेली नव्हती. त्यांनी पत्र वाचलं आणि विचारलं, "बोला. दिल्लीले काय मागाचं?"

"सिनेमा मागा," कोणीतरी म्हणालं.

"तुह्या घरी रोजचा सिनेमा हाय ना, तो कमी पडते का?" नीलाबाई म्हणाल्या. गावाची सुईण, आमच्यातली एकटी बाई मेंबर. त्यांच्या तोंडाला कोणी लागत नसे, कारण निम्मे मेंबर त्यांच्याच हातावर जन्मले होते.

भैयाजींना पूल पाहिजे होता. नदीपलीकडं त्यांची शेती. पावसाळ्यात चार महिने धान तिकडं आणि धनी इकडं. पूल झाला असता तर पलीकडच्या वीस गावांचंही भलं झालं असतं, हे खोटं नाही.

मग अयूब उठला. हळू बोलायची त्याला सवय. घड्याळ उघडतो तसा एकेक शब्द उघडायचा.

"भैयाजी, पूल मुंबई सरकारच्या हातात हाय. दिल्लीच्या हातात रेल्वे हाय. आपल्या टेशनाची विहीर रेल्वेची. कोष्टी आळीच्या बाया तिथूनच पानी आनतेत. टेशनमास्तर माह्याकडं मनगटी घड्याळ घेऊन आले होते, तेनं सांगितलं, टेशनाभवती काटेरी तार लागनार हाय, वरून हुकूम हाय. येत्या माघापर्यंत लागन. मंग बायांनी कुठी जावाचं? तार लागाच्या आंधी दिल्लीत बोलनं झालं तर त्या विहिरीवरून आळीले एक नळ भेटू शकते. खर्च म्युनिसिपालटी करन. फक्त रेल्वेची परवानगी पाहिजे."

सगळे माझ्याकडं वळले. आळी माझी होती ना.

ही विहीर मला ठाऊक नव्हती का? माझी बायको वच्छला रोज दोनदा रूळ ओलांडून तिथून पाणी आणत होती. आळीतल्या तिन्ही विहिरी माघात तळाला जातात. हे सगळं मीच म्युनिसिपालटीत बोलायला पाहिजे होतं. तीन वर्षं मेंबर होतो, आणि ती विहीर दिल्लीच्या हातातली आहे हे माझ्या टाळक्यात कधी आलं नाही. त्याच्या आलं.

"बापूभाऊ, तुमी बोला," अयूब म्हणाला.

"तुमी बोललेच ना," मी म्हणालो आणि खाली बसलो.

आमच्या म्युनिसिपालटीत हात वर करून मत घेत नाहीत. एकदा घेतलं तेव्हा दोन मेंबरांची डोकी फुटली होती. चिठ्ठ्या चालत नाहीत, कारण तिघांना अक्षर येत नव्हतं. म्हणून प्रत्येकाला एक चिंचोका आणि एक गुंज द्यायची. मूठ झाकून तांब्यात हात घालायचा, एक टाकायचं, दुसरं खिशात ठेवून घरी न्यायचं. त्या दिवशी चिंचोका नळाचा होता आणि गुंज पुलाची.

तांब्या माझ्यापुढं आला. मुठीत दोन्ही होते. चिंचोका टाकला की नळ येणार, आणि आळीतली पोरंबाळं त्याला अयूबचा नळ म्हणणार. माझ्या दारासमोर वाहणार, माझ्या घरात त्याचं पाणी, माझ्या ताटात त्याचा भात. मी गुंज टाकली.

पाच गुंजा, चार चिंचोके. पूल पहिला, नळ दुसरा.

बाहेर आलो तर अयूबनं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बापूभाऊ, मन खट्टू नका करू. एका मतानं गेलं. आळी तुमची, तुमाले किती लागलं असन मी समजू शकतो."

त्याला वाटलं, मी चिंचोका टाकला. सगळ्यांनाच तसं वाटलं. नीलाबाईंनी तर मला जवळ बोलावून विचारलं, "कोन्या मेल्यानं गुंज टाकली असन रे?" मी म्हणालो, काय माहीत.

खासदारांनी शब्द पाळला. पुलाचा कागद घेऊन मंत्र्यांकडं गेले. कार्तिकात उत्तर आलं, ते भैयाजींनी मोठ्यानं वाचलं. पुलाचा विषय राज्य सरकारचा असल्यानं सर्व कागद मुंबईस पाठवले आहेत. सर्व कागद म्हणजे मागं जोडलेला नळही. रेल्वेच्या विहिरीचा कागद मुंबईत कोणत्या तरी पुलाच्या साहेबाच्या टेबलावर जाऊन पडला.

"वरसभराआंधी आपली राजधानी नागपूर होती, तिथं अर्ज केला असता, आता मुंबई आली," भैयाजी म्हणाले. "आमाले का माहीत कोनाच्या हातात का हाय!"

अयूबनं सांगितलं होतं. त्या वेळी बाकी आठ जणांनी ऐकलं होतं. पण अयूब आता एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. मला त्याचं न बोलणंसुद्धा सहन होईना.

माघात तार लागली. पाच पदरी, काटेरी. टेशनमास्तर बिचारा भला माणूस, त्यानं आठ दिवस डोळ्यांवर कातडं ओढलं. बाया तारेखालून वाकून जायच्या. मग वरचा साहेब येऊन गेला आणि चौकीदार बसला. त्यानंतर आळीच्या बाया नदीवर जाऊ लागल्या. जायला पाऊण कोस, यायला पाऊण कोस, डोक्यावर घागरीसारखे पितळी गुंड, एकावर एक.

एकदा वच्छला आली ती पाठीवर फाटलेल्या लुगड्यात. चौकीदार जेवायला गेला म्हणून तारेखालून शिरली होती. पाठीवर दोन ओरखडे. मी हळद लावत होतो.

"अयूबभाऊ म्हनत होता तसं झालं असतं तं..." ती म्हणाली.

"त्याचं नाव काऊन घेतं?"

"नाव घेतलं तं का बिघडलं? तेनं तरी इचार केला आमचा. बाकीच्याईनं का केलं?"

मी हळदीची वाटी भिंतीवर फेकली. ती घाबरली नाही. वाटी उचलून जागेवर ठेवली आणि उरलेली हळद स्वतःच लावायला लागली, पाठीला हात पोचत नसताना.

फाल्गुनात बातमी आली की खासदार सकाळच्या गाडीनं चांद्याला जाणार, आमच्या टेशनावर गाडी पाणी घ्यायला दहा मिनिटं थांबते, तेवढ्यात भेटतील. मी दुपारी अयूबच्या दुकानात गेलो. जायचं नव्हतं, पण आळीच्या बायांनी घरात बसू दिलं नाही.

"नळाचा अर्ज पुन्हा लिहून द्या," मी म्हणालो.

अयूबनं डोळ्याचं भिंग काढलं. अर्ज लिहून तयारच होता. पेटीतून काढून मला दिला. एका बाजूला इंग्रजी, एका बाजूला मराठी. विहिरीची खोली, आळीची घरं, नळाचा खर्च, सगळं त्यात. खाली अर्जदार म्हणून एकट्या माझं नाव. त्याचं कुठंच नाही.

"तुमचं नाव?" मी विचारलं.

"आळी तुमची हाय, बापूभाऊ. माहं काय काम? तुमीच द्या, तुमचाच मान."

मान! माझ्या हातावर भीक ठेवावी तसा त्यानं मान ठेवला, आणि त्याला ते कळलंही नाही. एवढं मोठं मन कोणाचं असतं? असतं तर ते त्यालाच का? त्या घडीला वाटलं, हा कागद घेतला तर हा माणूस जन्मभर माझ्याहून वर राहील. मी बोलून गेलो.

"अयूबभाई, ते पाचवी गुंज माही होती."

त्यानं हातातलं भिंग खाली ठेवलं.

"मीच टाकली. नळ तुमच्या नावानं आला असता म्हनून टाकली."

दुकानातली सगळी घड्याळं एकदम वाजल्यासारखी वाटली. अयूब उठला. माझ्या हातातून कागद ओढून घेतला आणि टराटरा चार तुकडे केले.

"महिनाभर बाया नदीवर जाऊन राह्यल्या," तो ओरडला. त्याला ओरडताना मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. "तुमची बायको माह्या बायकोजवळ, कमरजहाँजवळ येऊन रडली. मी तिले म्हटलं, बापूभाऊनं लय जोर लावला होता. माह्या तोंडून खोटं बोलवलं तुमी! निघा. लिहा स्वतः. चौथी पास हाव ना?"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. वर्षभरात पहिल्यांदा तो माझ्या उंचीला आला होता.

घरी येऊन मी लिहिलं. विहिरीची खोली मला आठवेना, घरं मोजून आलो तर दोनदा वेगळी आली. त्याच्यासारखं जमलं नाही. एक पान झालं, मराठीतच. खाली माझं नाव.

सकाळी टेशनावर गाव जमलं. आळीच्या बाया रिकामे गुंड घेऊन आल्या होत्या, दाखवायला. भैयाजी हार घेऊन पुढं, नीलाबाई त्यांच्या मागं. अयूब दूर पाण्याच्या टाकीखाली उभा होता. खासदार डब्याच्या दारात आले, भैयाजींचा हार घालून घेतला, माझा कागद घेतला आणि उभ्या उभ्या वाचला.

"हे तर रेल्वेचं काम आहे," ते म्हणाले. "सरळ दिल्लीचं. तार लागायच्या आधी एका भेटीत झालं असतं. मागच्या वर्षी हेच पहिलं का नाही ठेवलंत?"

भैयाजी खाली बघायला लागले. त्यांना वाटलं, दोष पुलावर येणार. कोणीतरी म्हणालं, मतं कमी पडली साहेब. तेवढ्यावर भागलं असतं. पण अयूब तिथं होता, आणि त्याला ठाऊक होतं. तो सांगणार नाही, हेही मला ठाऊक होतं. त्याच्या गप्प बसण्यावर मी आणखी एक वर्ष जगू शकत नव्हतो.

"माह्यामुळे," मी म्हणालो. "मत माहंच कमी पडलं, साहेब. दुसऱ्या मेंबरानं सुचवलं म्हनून मी माह्याच आळीच्या पान्याच्या इरोधात मत दिलं."

खासदारांनी माझ्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. कागदाची घडी करून खिशात घातली. "आता लावलेली तार काढायची म्हणजे वेळ लागेल," एवढंच म्हणाले. गाडी सुटली.

नीलाबाई थुंकल्या. माझ्यावर नाही, रुळावर, पण माझ्याकडं बघून. बाया सगळ्या उभ्या. वच्छला पुढं आली. मला वाटलं, शिव्या देईल. तिनं हातातले दोन गुंड माझ्या पायाशी ठेवले.

"नळ येईपर्यंत पानी तुमी आनाचं," ती म्हणाली. "पह्यली खेप आत्ताच."

नदीच्या वाटेवर अयूबचं दुकान लागतं, मागं त्याचं घर. मी भरलेले गुंड घेऊन परत येईपर्यंत त्यानं दुकान उघडलं होतं. कोष्ट्यांचा मेंबर गुंड वाहतो म्हणून बाजार दोन्ही बाजूंनी बघत होता, कोणी हसतही होतं. कमरजहाँ दारात उभी होती. तिच्या अंगणात विहीर होती, वीस पावलांवर, पण आज ती बोलावणार नव्हती. अयूब भिंग लावून काहीतरी उघडत होता. त्यानं मान वर केली नाही. रागानं त्याच्या कपाळाची शीर फुगलेली मला रस्त्यावरून दिसली.

मला त्या शिरेचाही हेवा वाटला. त्याला रागवायला माणूस होता. मी कोणावर रागवणार? गुंडातलं पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं आणि आळी अजून बरीच लांब होती.