बटाट्याला किरणबाधा

टाऊन हॉलच्या पुढच्या दारातून निघालेली रांग चौक ओलांडून, बँकेला वळसा घालून पुन्हा टाऊन हॉलच्याच मागच्या दाराशी येऊन टेकली होती. मागच्या दारातली माणसं "आम्ही पहिले" म्हणत होती, पुढच्या दारातली "तुम्ही शेवटचे" म्हणत होती, आणि भांडणाऱ्या झाडून सगळ्यांच्या गळ्यावर आयोडीनचा तपकिरी पट्टा होता. लांबून बघणाऱ्याला वाटावं, अख्ख्या गावाने एकाच शिंप्याकडून कॉलर शिवून घेतली आहे.

एकच गळा कोरा होता. तो दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा. त्या हौसेने आल्या नव्हत्या. "तू बरोबर आली नाहीस तर मी जेवणार नाही," अशी सासूबाईंनी धमकी दिली होती. त्या दिवसांत धमक्यांना तोटा नव्हता.

सगळ्यात मोठी धमकी सीमेपलीकडून आली होती. शेजारच्या बलाढ्य देशाचं सैन्य हिवाळ्यात आत घुसलं होतं. चार दिवसांत राजधानी घेऊ म्हणणाऱ्यांना सीमेवरचे दोन जिल्हेही पचेनात, तेव्हा त्यांचा सत्ताधीश टीव्हीवर आला आणि टेबलावर बोट आपटत म्हणाला, "आमच्याकडे अणुबॉम्ब आहेत, हे कुणी विसरू नये." विसरलं कुणीच नव्हतं. पण त्या रात्रीपासून गावाला दुसरं काही आठवेना. बॉम्बने फुटतील म्हणून काचवाल्याने स्वतःच्या घराच्या सगळ्या काचा आधीच काढून ठेवल्या आणि सहकुटुंब सर्दीने अंथरूण धरलं. वकीलसाहेब शिशाची टोपी घालून कोर्टात जाऊ लागले. त्या वजनाने मान धरली, तर म्हणाले, "बघा, किरण सुरू झाले!" रेडिओवर सांगितलं होतं की गरज पडली तर सरकार आयोडीनच्या गोळ्या वाटेल, तोवर कुणी मनाने काही घेऊ नये. त्यातला 'आयोडीन' हा एवढाच शब्द लोकांच्या कानात शिरला. औषधवाल्याने जखमेला लावायच्या टिंक्चर आयोडीनच्या बाटल्या दुकानात पुढे मांडल्या आणि वर पाटी लावली : 'गळ्याला लावा, निर्धास्त राहा.'

आणि मग किरणगुरू प्रकट झाले.

अंगात पिवळा रेनकोट, कपाळावर सरकवलेला वेल्डिंगचा चष्मा, हातात काचेचा जग. गुरू टाऊन हॉलच्या स्टेजवर उभे होते आणि माइक निवृत्त हेडमास्तरांच्या हातात होता. हेडमास्तर हे गावातलं सगळ्यात शिकलेलं डोकं. ते तिथे उभे आहेत म्हटल्यावर बाकीच्यांनी आपापली डोकी घरी ठेवली होती.

"किरण म्हणजे काय?" गुरू गरजले. "कि म्हणजे किल्मिष! रण म्हणजे युद्ध! युद्धाचं किल्मिष म्हणजे किरण! अणूच्या पोटात परमाणू, परमाणूच्या पोटात सूक्ष्माणू, आणि सूक्ष्माणूच्या पोटात कोण?"

"कोण?" हॉलने विचारलं.

"ते सांगितलं तर तुम्हाला सोसणार नाही!"

हॉल हळहळला. न सोसणारं ज्ञान किती मोठं असेल, याचा जो तो अंदाज बांधू लागला.

सासूबाईंचा नंबर आला. गुरूंनी एक कडक पांढरा रुमाल घेतला, त्यावर तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि त्यांच्या गळ्यावरून फिरवला. रुमाल काळानिळा पडला. जणू कुणी त्यावर शाईची दौत उपडी केली होती. हॉलमधून "अगं आई गं!" असा एकच सूर निघाला.

"किती साठले होते, माई!" गुरू कळवळले. त्यांनी रुमाल काचेच्या जगमधल्या पाण्यात, म्हणजे त्यांच्या 'शांतिजला'त बुडवला, हलवला, वर काढला. रुमाल बगळ्यासारखा पांढरा! टाळ्या, हुंदके. सासूबाई हात जोडून म्हणाल्या, "अजून एक द्या, महाराज. माझा धाकटा आघाडीवर आहे. त्याला पाठवते."

पाठोपाठ डॉक्टरीणबाईंच्या गळ्यावरून दुसरा रुमाल फिरला. तो पांढराच राहिला. हेडमास्तर गोंधळले. "गुरुजी, हा काही बदलत नाही."

गुरूंचा श्वाससुद्धा चुकला नाही. "हिचे किरण लाजाळू आहेत. आत दडून बसलेत. अशी केस वाईट असते."

लोक डॉक्टरीणबाईंपासून हातभर लांब सरकले.

"आणि ऐका!" गुरूंनी शेवटचा हुकूम सोडला. "ज्याच्याकडे हा रुमाल, त्याने भोंगा वाजला तरी तळघरात पळू नये. गच्चीवर जावं आणि रुमाल फडकवावा. क्षेपणास्त्र रुमालवाल्याला ओळखतं!"

इथवर डॉक्टरीणबाईंना हसू येत होतं. ते आता गेलं.

घरी वेगळंच सुरू झालं. नवरा मालगाडीचा ड्रायव्हर, घरी कधीमधी, घरात दोघीच. सासूबाईंच्या गळ्यात जुनी गाठ होती. अशा गाठीला भलतं आयोडीन मिळालं की ती चेकाळते. एका सकाळी त्यांच्या हातातला कप बशीवर तडतडू लागला. डॉक्टरीणबाईंनी नाडी धरली, तर ती घोड्यासारखी दौडत होती.

"आई, खरं सांगा. नुसतं गळ्यालाच लावता की पोटातपण घेता?"

"दुधातून थोडे थेंब. औषधवाला म्हणाला, आतूनही पट्टा हवा."

"अहो, ते जखमेचं औषध आहे! तुमचं हृदय बंद पडेल!"

"किरण बाहेर निघतायत म्हणून धडधडतंय. गुरूंनी सांगितलंय." सासूबाईंनी हात सोडवून घेतला. "तुझी डॉक्टरकी तुझ्यापाशी. माझं पोर तिकडे मातीत झोपतंय. तुझ्या औषधाने ते परत येणार आहे का?"

डॉक्टरीणबाईंनी बाटली ओतून टाकली, नाडी आणि हातांची थरथर शांत करणारी गोळी समोर ठेवली आणि दवाखान्यात गेल्या. संध्याकाळी पाहिलं तर गोळी तशीच, आणि कपाटात नवी बाटली.

त्याच आठवड्यात भोंगा वाजला. गच्च्या माणसांनी भरल्या. जिकडे बघावं तिकडे पांढरे रुमाल फडफडत होते. वरून पाहणाऱ्याला वाटलं असतं, गाव कुणाला तरी स्टेशनवर निरोप देतंय. डॉक्टरीणबाईंनी सासूबाईंना अक्षरशः ओढत जिन्याखाली आणलं. क्षेपणास्त्र गावाबाहेरच्या रिकाम्या लाकडाच्या वखारीवर पडलं. वखार जळाली, माणूस कुणी गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी रुमालांची रांग दुप्पट झाली. "आमच्या गच्चीवरून वळलं ते," वकीलसाहेब शिशाच्या टोपीखालून सांगत होते, "मी स्वतः डावीकडे फडकवला होता."

नुसतं 'खोटं आहे' म्हणून कुणी ऐकणार नव्हतं. कसं खोटं आहे, ते दाखवायला हवं होतं. आणि ते डॉक्टरीणबाईंनाच अजून कळलेलं नव्हतं.

ते कळवलं बेकरीवाल्याने, तेही नकळत. तो कोपरापर्यंत पीठ लागलेले हात वर करून दवाखान्यात धावत आला.

"डॉक्टरीणबाई, मेलो! माझ्या पिठात अणुबॉम्ब पडला!"

"कुठे पडला?"

"हे बघा!"

त्याच्या पांढऱ्या बोटांवर काळेनिळे ठसे होते. पिठाचा गोळाही त्याने पुराव्यादाखल आणला होता. त्यावरही तसेच ठसे. डॉक्टरीणबाईंनी आधी त्याच्या बोटांकडे पाहिलं, मग गळ्याकडे. पट्टा ताजा, ओला होता.

"गळ्याला बोटांनीच लावलंस ना? हात न धुता पीठ मळायला घेतलंस?"

"बॉम्ब पडायची वेळ आणि हात काय धुता!"

डॉक्टरीणबाई मटकन खुर्चीत बसल्या आणि पोट धरून हसल्या. बेकरीवाल्याला वाटलं, हिचे लाजाळू किरण डोक्यात गेले.

शाळेतली गोष्ट! पिठात स्टार्च असतो, स्टार्चला आयोडीन लागलं की तो काळानिळा होतो. आणि गुरूंचे रुमाल एवढे कडक का? खळ घातलेले! खळ म्हणजे तरी काय, स्टार्चच. पण मग रंग जातो कशाने? त्यांनी पुस्तक उघडून पाहिलं. आयोडीनचा रंग 'क' जीवनसत्त्वाने जातो. आता त्यांना आठवलं, औषधवाला बरेच दिवस 'क'च्या गोळ्या मागितल्या की "संपल्या, बाई, लढाईमुळे" असं सांगत होता.

पुढची बैठक दुपारी होती. डॉक्टरीणबाई बॅग घेऊन टाऊन हॉलमध्ये पोचल्या. त्या तोंड उघडणार, तोच भोंगा वाजला. लोक रुमाल काढून जिन्याकडे, गच्चीच्या दिशेने वळले. पण एक पिवळा रेनकोट त्यांना उलटा छेदत, दोघा म्हाताऱ्यांना कोपर मारत, जग आणि रुमालांचा गठ्ठा छातीशी धरून तळघराच्या पायऱ्या उतरला.

जिन्यावरची गर्दी थबकली.

"गुरू खाली गेले," सासूबाई हळूच म्हणाल्या.

"मग तुम्ही वर का जाताय?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

हा प्रश्न इतका सोपा होता की त्यावर कुणी वाद घातला नाही. सगळे खाली उतरले.

तळघरात नगरपालिकेने अडीनडीला बटाट्यांची पोती रचून ठेवली होती. त्यांच्या मागून रेनकोटची टोपी दिसत होती. "मी इथे जमिनीखालचे किरण तपासतोय," टोपीने खुलासा केला.

"तपासा. मीही तपासते." डॉक्टरीणबाईंनी पोत्यातला एक बटाटा घेतला, चाकूने दोन फाका केल्या आणि बॅगेतली आयोडीनची बाटली हेडमास्तरांच्या हातात दिली. "सर, यावर दोन थेंब टाका."

हेडमास्तरांनी टाकले. बटाटा काळानिळा झाला.

"बटाट्याला किरणबाधा!" कुणीतरी किंचाळलं. पोत्यांना टेकून बसलेली माणसं टुणकन उठली. वकीलसाहेबांनी टोपी काढून जवळच्या पोत्यावर ठेवली आणि पुन्हा उचलून डोक्यावर घातली.

"घाबरू नका, मी त्याला बरा करते. गुरुजी, तुमचा जग द्या."

गुरू देईनात. बेकरीवाल्याने काढून घेतला. डॉक्टरीणबाईंनी आधी एक घोट घेतला. "आंबट आहे. सर, चाखा. शांती कधीपासून आंबट झाली?" मग बटाट्यावर पाणी ओतलं. डाग पुसल्यासारखा नाहीसा झाला. काही जणांनी बटाट्यासाठी टाळ्या वाजवल्या.

"आता साबणाने गळा धुवा, सर."

कोपऱ्यातल्या नळावर हेडमास्तरांनी गळा धुतला, पट्टा जाईपर्यंत. मग डॉक्टरीणबाईंनी गुरूंच्या गठ्ठ्यातला नवा रुमाल ओला करून त्यावर फिरवला. रुमाल पांढराच राहिला. तोच सासूबाईंच्या गळ्यावर फिरवला, तो काळानिळा झाला.

"रुमालात खळ आहे, गळ्यावर आयोडीन आहे, जगात 'क'च्या गोळ्या विरघळल्यात. एवढाच चमत्कार. आयोडीन लावा म्हणणारा आणि रुमाल फिरवणारा, दोघे मिळून हे चालवतायत."

सगळ्या नजरा औषधवाल्याकडे वळल्या. तो पुटपुटला, "मला वाटलं, लोकांना तेवढाच धीर."

हेडमास्तर पोत्यावर बसले. "हा प्रयोग मी आठवीला शिकवलाय. दर वर्षी. याच बटाट्यावर."

"मग ओळखला कसा नाहीत?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"शाळेत तो परीक्षेसाठी होता," हेडमास्तर म्हणाले.

तेवढ्यात गुरू पळू लागले; झटापटीत त्यांचा चष्मा गळून पडला, रेनकोटची टोपी मागे सरकली, आणि मागून एक बाई ओरडल्या, "अहो, हा तर पलीकडच्या गावचा लाँड्रीवाला! माझा लोकरी कोट अजून याच्याकडेच आहे!" इतका वेळ फसवणूक मुकाट्याने ऐकून घेणारं तळघर कोटावरून मात्र खवळलं. दोन पोलीस मध्ये पडले नसते तर कठीण होतं.

भोंगा थांबला. बाहेर धोका टळल्याची सूचना झाली, पण कुणी हलेना. डॉक्टरीणबाईंना वाटलं, विचार करतायत. मग काचवाला अदबीने पुढे आला.

"डॉक्टरीणबाई, बटाटा रोज एक लावायचा का दोन?"

"कसला बटाटा?"

"तुमचा. किरणांवरचा. गुरूपेक्षा तुमचं जालीम आहे."

मागे खरोखरच पाच-सहा जण पोत्यात हात घालून चांगला बटाटा निवडत होते.

डॉक्टरीणबाईंचा पारा चढला. "ठेवा ते बटाटे! माझ्यात काही नाही, बटाट्यात काही नाही. या, एकेक जण या आणि स्वतःच्या हाताने करा." आणि त्यांनी प्रत्येकाला करायला लावलं. थेंब, काळानिळा. पाणी, पांढरा. वकीलसाहेबांनी तर तीनदा केलं. चौथ्यांदा त्यांनी टोपी काढून ठेवली, ती ठेवलीच.

"धोका नाही असं मी म्हणत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धोका खरा आहे. म्हणून तर उपायही खरा हवा. भोंगा वाजला की खाली यायचं. दारं-खिडक्या लावून आत राहायचं. आयोडीनच्या गोळ्या सांगतील तेव्हाच आणि सांगतील तेवढ्याच घ्यायच्या; त्या एकाच तऱ्हेच्या विषापासून गळ्यातल्या ग्रंथीला वाचवतात, बाकी कशाला नाही. हे टिंक्चर तर नाहीच. आणि कुणी उपाय विकायला आलं की त्याला विचारायचं, हे होतं कसं? जो सांगू शकत नाही, किंवा 'तुम्हाला सोसणार नाही' म्हणतो, त्याला दारातूनच परत पाठवायचं. तो टेबलावर बोट आपटणारा आपल्याला घाबरवतो, कारण घाबरलेला माणूस विचारायचं सोडतो. त्याचं काम आपणच सोपं करायचं का?"

लोक हळूहळू वर गेले. सासूबाई नळाशी उभ्या राहून गळा घासत होत्या. पट्टा निघाला तरी घासतच होत्या. डॉक्टरीणबाईंनी नळ बंद केला आणि पदराने त्यांचा गळा टिपला.

"मला कळलं गं," सासूबाई म्हणाल्या. "पहिल्यांदा तू बटाटा कापलास तेव्हाच कळलं. पण त्या रुमालाशिवाय मी पोराला पाठवू तरी काय? हात रिकामे राहिले की जीव राहत नाही."

"काय मागितलंय त्याने?"

"त्याने कुठे काय मागितलंय. मागच्या फोनवर एवढंच म्हणाला, पाय ओले राहतात."

"मग मोजे विणा. जाड लोकरीचे. चार जोड. त्याच्या बरोबरच्यांनाही होतील."

"मोज्यांनी बॉम्ब थांबतो का?"

"नाही थांबत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाय कोरडे राहतात."

सासूबाईंनी थरथरता हात पुढे केला. "ती तुझी गोळी दे आधी. या अशा हाताने टाके सुटतील."