अळीच्या मानेतून उगवलेली काडी

पहिली काडी मामाने गाजर उपटावं तशी उपटली होती, आणि त्यावरून भाचीने त्याला महिनाभर बोलणी ऐकवली होती. दुसऱ्या वेळी मात्र तो शहाणा झाला. रोपवाटिकेत झाडाखाली तशीच तपकिरी काडी दिसताच त्याने खुरपं बाजूला ठेवलं, चमच्याने भोवतीची माती कोरली आणि सबंध ढेकूळ डब्यात घालून जेवणाच्या सुट्टीत थेट तिच्या प्रयोगशाळेत आणून ठेवलं.

“घे. मुळासकट आणलंय. आता तरी माझा पिच्छा सोड.”

“मूळ नाही रे मामा ते,” म्हणत तिने मऊ ब्रशने माती झाडायला सुरुवात केली. काडीच्या बुडाशी बोटाएवढी अळी निघाली. पाय, कातडीच्या वळ्या, डोक्यावरची चकचकीत टोपी, सगळं जागच्या जागी. पण अंग हाताला लाकडासारखं टणक. काडी बरोबर मानेतून वर आली होती आणि तिच्या टोकाला आगकाडीला असतो तसा गुल होता.

“मेलेल्या अळीवर बुरशी आली म्हणायची.”

“उलटं. बुरशी आली म्हणून अळी मेली. हिचा बीजाणू अळीच्या कातडीवर पडतो, रुजतो आणि आत भोक पाडतो. मग रक्तात वाढत राहतो. अळी आपली खाते-पिते, हिंडते, तिला पत्ताच नाही. शेवटी आत नुसते बुरशीचे तंतू ठासून भरलेले, आणि बाहेर अळीची कातडी.”

मामाने अळीकडे वाकून पाहिलं. “बोट दिल्यावर मनगट धरणारे पुष्कळ पाहिले. हा पठ्ठ्या तर सबंध अंगच पांघरून बसला की!”

ती हसली, पण तिचं लक्ष गुलावर होतं. भिंगाखाली त्याच्यावर बारीक ठिपके दिसत होते. प्रत्येक ठिपका म्हणजे आत बुडालेल्या एका कुपीचं तोंड, आणि बीजाणू तयार होतात ते त्या कुप्यांत. बीजाणू पाहिल्याशिवाय अशा बुरशीला नाव देता येत नाही. संग्रहात आधीच्या तीन अळ्या होत्या, तिन्ही ‘अनिश्चित’ लिहिलेल्या खणात वर्षानुवर्षं पडून. ही चौथी तिथे जाऊ द्यायची नाही, असं तिने मनाशी पक्कं केलं.

अडचण मॅडमची होती. संग्रह त्यांच्या ताब्यात, आणि नियम एकच: आलेला नमुना त्याच दिवशी वाळवणीच्या कपाटात.

“एकाला कीड लागली की सगळ्यांना लागते,” मॅडम म्हणाल्या.

“पण मॅडम, त्या तिघी त्याच दिवशी वाळल्या. पिकायला वेळच मिळाला नाही त्यांना.”

मॅडमनी चष्म्यावरून पाहिलं. “वाद घालायला बरी तयार झालीस. तीन दिवस देते. चौथ्या दिवशी सकाळी कपाट.”

तिने पारदर्शक डब्यात ओला कागद अंथरला, अळी थोड्या मातीत उभी ठेवली आणि गुलाच्या खाली काचपट्टी सरकवली. छत्रीसारख्या अळंब्यांचे बीजाणू ती असेच गोळा करायची. टोपीखाली काच ठेवली की रात्रीतून खाली सडा पडतो. इथे मात्र पहिल्या सकाळी काच कोरी. दुसऱ्या सकाळी धुळीचा एक कण. डब्याची एक बाजू तेवढी धुरकट झाली होती. पाणी जास्त झालं असेल म्हणून तिने कागद थोडा सुकवला.

तिसऱ्या दिवशी दुपारी मामा आला तेव्हा काच कोरीच होती.

“काय म्हणतोय तुमचा भाडेकरू?”

“काही नाही. कच्चाच आहे वाटतं. उद्या कपाटात जाणार.” तिचा आवाज उतरला होता.

मामाने डबा उचलून उजेडात धरला. “हे काय गं?”

“वाफ धरलीय.”

“कसली वाफ? आमच्या काचघरात रोज बघतो मी. वाफ धरली की थेंब होतात, ओघळतात, ऊन चढलं की उतरतात. हे ओघळलेलं नाही की उतरलेलं नाही. आणि एकाच बाजूला का? तुझा गुल कलला आहे तिकडेच?”

तिने डबा हिसकावलाच. मग कपाळावर हात मारून घेतला.

“मामा, मी खाली बघत बसले! कुप्यांची तोंडं तर बाहेरच्या बाजूला आहेत. ही बुरशी बीजाणू सांडत नाही, फेकते!”

सुईच्या टोकाने तिने धुरकट थर खरवडला, पाण्याच्या थेंबात ठेवला आणि मायक्रोस्कोपला डोळा लावला. बीजाणूच होते ते: केसासारखे लांब धागे, आडव्या भिंतींनी पेरं पडलेले. काही त्या पेरांवर तुटून त्यांचे आखूड तुकडे झाले होते.

“मॅडम!”

मॅडमनी येऊन पाहिलं. जाऊन जाडजूड ग्रंथ घेऊन आल्या. तुकड्यांची लांबी, कुप्यांची ठेवण, अळीची जात असं एकेक ताडून पाहत अर्ध्या तासाने त्यांनी एका ओळीवर बोट ठेवलं. “ही. शंभर वर्षांपूर्वीच नोंदलेली.” जाता जाता म्हणाल्या, “यापुढे अळी आली तर आधी डबा. पिकली की मग कपाट. फळ्यावर लिहून ठेव, मी विसरेन.”

मामाचा चेहरा पडला. “म्हणजे नवीन नाहीच?”

“नाही.”

“मग एवढी खूश कशाला झालीस?”

“अरे, नाव लागलं ना तिला! ‘अनिश्चित’मध्ये जाणार नाही आता.” मायक्रोस्कोपला पुन्हा डोळा लावत तिने वही पुढे ढकलली. “तीस तुकडे मोजायचेत. मी आकडे सांगते, तू लिही.”

“माझी सुट्टी संपली गं.”

“पाच मिनिटं.”

मामाने घड्याळ पाहिलं, खुर्ची ओढली आणि पेनचं टोपण काढलं. “सांग. आणि सावकाश हं, माझं अक्षर मॅडमना वाचता आलं पाहिजे.”