वाढलेलं तेल

"पुन्हा पुसा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

मिस्त्रींनी डिपस्टिक शर्टाच्या बाहीला पुसली, इंजिनात खालपर्यंत खुपसली आणि तिसऱ्यांदा बाहेर काढली. तेल वरच्या खुणेच्याही बोटभर वर होतं. पंधरा दिवसांपूर्वी त्यांनीच ते बरोबर खुणेवर भरलं होतं.

"तेल पिणाऱ्या गाड्या जन्मभर पाहिल्या. तेल वाढवणारी ही पहिलीच."

बाई हसल्या नाहीत. गाडी त्यांच्या सासऱ्यांची, साठी उलटलेली. रविवारी ती बघायला गिऱ्हाईक येणार होतं, आणि दोन दिवसांपासून इंजिन खडखडत होतं. गरम झालं की ऑइल प्रेशरचा काटा खाली बसत होता.

"तेल आपोआप वाढतं का हो?"

"आपोआप फक्त वय वाढतं, बाई."

मिस्त्रींनी एक थेंब अंगठ्याने तर्जनीवर चोळला. पातळ लागला. मग बोटं नाकाशी नेली. या नाकाची ख्याती मोठी होती. इंजिन न उघडता आतलं दुखणं सांगणारे मिस्त्री म्हणून लोक लांबून गाड्या आणत.

"पेट्रोल नाही," ते म्हणाले. "पाणी असतं तर दुधाळ दिसलं असतं. म्हणजे वरून कुणीतरी ओततंय. काहीतरी हलकं."

बाईंनी शेडबाहेर पाहिलं. नळापाशी ड्रायव्हर फडकी पिळत होता. अठ्ठावीस वर्षं गाडीची किल्ली त्याच्याच खिशात होती.

"विकायचं ठरल्यापासून तोंड फुगवून आहेत," बाई हळूच म्हणाल्या. "परवा म्हणे, ही गाडी दुसऱ्याच्या हाती टिकायची नाही."

मिस्त्री 'हो' म्हणाले नाहीत. 'नाही'ही म्हणाले नाहीत.

बाईंनी ड्रायव्हरला आत बोलावलं. "इंजिनात काय ओतलंत?"

त्याला आधी प्रश्नच कळला नाही. कळला तेव्हा तो मिस्त्रींकडे वळला. "हे तुमचं निदान?"

"मी तेलाचं सांगितलं. माणसाचं नाही."

"वा! म्हणजे काडी तुमची, आग बाईंची."

बाईंनी हात पुढे केला. ड्रायव्हरने किल्ली त्यांच्या हातात न देता बॉनेटवर ठेवली. ओली फडकी एकेक झटकून दोरीवर वाळत घातली आणि तो फाटकातून निघून गेला.

संध्याकाळी मिस्त्रींची बायको शर्ट हातात घेऊन मोरीतून बाहेर आली.

"आज कुणाची टाकी खोललीत?"

"कुणाचीच नाही."

"मग बाहीला एवढं पेट्रोल कुठलं? नाकात जातंय नुसतं."

मिस्त्री खुर्चीवरून अर्धवट उठले आणि तसेच थांबले. आठ महिन्यांपूर्वी मोठा ताप आला होता. तो उतरला, पण वास परत आला नाही. शेगडीसमोर बसूनही त्यांना करपलेलं दूध कळलं नव्हतं, म्हणून बायकोला ठाऊक होतं. बाहेर कुणालाच नाही. गिऱ्हाइकांसमोर बोटं नाकाशी नेणं त्यांनी चालू ठेवलं होतं. निदान मात्र कानाने आणि बोटांनी करत. पण वास नाही म्हणजे पेट्रोल नाही, हे चाळीस वर्षं डोक्यात घट्ट बसलेलं. बाईंसमोर तेच तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर त्यांना स्वतःलाही खरं वाटलं.

"खरंच येतोय वास?"

"माझं नाक शाबूत आहे," बायको म्हणाली. मग शर्ट खाली ठेवत म्हणाली, "काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी इंजिनाला पेट्रोल पुरवणारा पंप खोलला. आतला रबरी पडदा नखाएवढा फाटला होता. तिथून पेट्रोल ठिबकत खालच्या तेलात मिसळत होतं. तेल वाढत होतं, पातळ होत होतं. नवा पडदा बसवून तेल बदलायला जेमतेम तासभर लागला. काटा जागेवर आला.

"कुणी काही ओतलं नव्हतं, बाई. चूक माझी. मला वास येत नाही. आठ महिने झाले."

बाई त्यांच्या नाकाकडे बघत राहिल्या. "मग या आठ महिन्यांत मला काय काय हुंगून सांगितलंत?"

मिस्त्रींनी फाटका पडदा उचलून बाईंच्या हातावर ठेवला.

"ड्रायव्हरना बोलवायला हवं," बाई म्हणाल्या.

"मी जातो."

ड्रायव्हर तिसऱ्या मजल्यावर राहत होता. मिस्त्रींनी दारातच सगळं सांगितलं. त्याने मध्ये एकदाही तोडलं नाही.

"मला म्हणाला असतात तर मी हुंगून दिलं असतं की," तो म्हणाला. "चार पावलांवर तर होतो."

"बाई बोलावतायत तुम्हाला."

"बाईंनी काल 'ओतलंत का' असं विचारलं नाही, मिस्त्री. 'काय ओतलंत' असं विचारलं."

"माझ्या शब्दावर विचारलं त्यांनी."

"अठ्ठावीस वर्षं माझाही शब्द होता तिथे."

मिस्त्री खाली मान घालून जिना उतरू लागले. चार पायऱ्या उतरले असतील, तोच वरून हाक आली.

"रविवारी गिऱ्हाईक यायचंय ना? चालू कोण करणार गाडी?"

"मीच करेन."

"चोक पूर्ण ओढू नका. पेट्रोल जास्त होऊन ती बुडते मग. इतकाच." ड्रायव्हरने दोन बोटांत हवा पकडली आणि जराशी स्वतःकडे ओढली. मिस्त्री मान वर करून पाहीपर्यंत हात तसाच धरून ठेवला.